पाच नंबरच्या खोलीचं पाणी

३ एप्रिल

बंब्या,

पत्र कामाचं आहे. संपात तू कारखान्यात गेलास आणि मी फाटकासमोर तीन हजार माणसांदेखत तुला फितूर म्हणालो, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. त्या विषयावर या पत्रातही काही नाही. हे पत्र गरम पाण्याबद्दल आहे.

आम्ही शहर सोडलं. डोंगरात एका लहान गावात जुनं घर घेतलं. आठ खोल्या, पुढे लांब व्हरांडा. पूर्वी एक डॉक्टर इथे छातीचे रोगी ठेवायचे. नंतर सहा वर्षं घराला टाळं होतं. तुझी वहिनी म्हणते लॉज काढायचं, मी म्हणतो अतिथीगृह म्हणू, गाव म्हणतं 'डॉक्टरांचं घर', आणि शेवटी तेच टिकेल असं दिसतंय.

इतक्या लांब का आलो हे तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. शहरात दम लागत होता. सभाही कमी झाल्या होत्या. खरं लिहायचं तर सभा होत होत्या, मला बोलावणं थांबलं होतं. तुझी वहिनी म्हणाली, "तीस वर्षं लोकांना तुम्ही जागं केलंत, आता त्यांना झोपायला चांगल्या गाद्या देऊ." घर तिच्याच भावाने शोधून दिलं.

आता अडचण. बॉयलर तळघरात आहे, टाकी माळ्यावर. गरम पाण्याची लाइन मधल्या भिंतीतून वर चढते, मग उत्तरेकडे वळून तीन, चार करत पाच नंबरच्या खोलीशी संपते. पाच ही सगळ्यांत चांगली खोली. खिडकीतून अख्खी दरी दिसते. पण नळ सोडून दहा मिनिटं उभं राहावं तेव्हा कुठे कोमट पाणी येतं. इथला प्लंबर दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले आठ पाइपाशी. मला म्हणाला, "लाइन लांब." मी म्हटलं, मग उपाय? म्हणाला, "बघू." जो माणूस आपलं म्हणणं मांडू शकत नाही त्याच्या कामावर माझा भरवसा बसत नाही.

मागच्या बाजूला नकाशा काढला आहे. मापं तुझ्या वहिनीने घेतली आहेत, तेव्हा ती बरोबर असतील.

लहानपणी अंघोळीचा बंब तुझ्याशिवाय कुणाला पेटत नसे, म्हणून विचारतोय. दुसरं कारण नाही.

— दादा


२९ एप्रिल

बंब्या,

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये एक आकृती आणि चार ओळी. 'परतीची लाइन टाका. पाचच्या नळाखालून पुन्हा बॉयलरकडे. उतार कुठेही मोडू नका. हवा जायला सगळ्यांत वर कॉक.' टाका हे प्लंबरला म्हणालास की मला, ते कळलं नाही. दोघांनाही चालेल.

कार्ड मी प्लंबरला दाखवलं. पाच मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, "हा माणूस कोण?" मी म्हटलं, "का?" म्हणाला, "हा माणूस शहाणा आहे." त्याच्या मानाने ती जाहीर सभाच झाली.

तीन दिवसांत लाइन टाकली. आता पाचचा नळ सोडला की बोटं मोडून होईपर्यंत पाणी कढत येतं. तुझ्या वहिनीने कार्ड स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीवर टाचून ठेवलं आहे. मी विचारलं, काम झालं, आता कशाला? म्हणाली, "असू दे. घरातलं एक तरी माणूस कमी शब्दांत बोलतं हे पाहुण्यांना दिसू दे."

पाटी लागली. पाटीवर मला श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल एक वाक्य हवं होतं, मी ते लिहूनही दिलं होतं. रंगाऱ्याने अक्षरं मोजली. तुझी वहिनी त्याला म्हणाली, "'खोल्या मिळतील' एवढंच लिहा." तेवढंच लिहिलं आहे.

— दादा


११ जुलै

बंब्या,

तू पत्र मागितलेलं नाहीस. तरी पाण्याचा अहवाल द्यावा म्हणून लिहितो. पाणी उत्तम.

पाहुणे येतात. चादरी मी बदलतो. कोपरे ताणून बसवायचे असतात हे मला या वयात कळलं. मजुरांच्या घामावर आयुष्यभर बोललो, पण आठ खाटा आवरल्यावर कंबर कुठे दुखते ते माहीत नव्हतं. मेच्या शेवटी एक कापडाचा व्यापारी बायकोसह आला होता. न्याहारीला म्हणाला, हल्लीच्या कामगारांना काम नको असतं. मी चहाची किटली खाली ठेवली आणि त्याला कामाच्या तासांचा इतिहास सांगितला, पहिल्यापासून. अंडी गार झाली. ते दोघं दोन दिवसांसाठी आले होते, एका दिवसात गेले. आता स्वयंपाकघरात नियम झाला आहे : जेवणाच्या खोलीत मी 'साखर हवी का' याच्या पुढे बोलायचं नाही. एकही शब्द मी मागे घेतलेला नाही, पण नियम पाळतो.

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नव्हतं. गेल्या आठवड्यात एक निवृत्त इंजिनियर राहून गेले. पाण्यावर खूश होऊन तळघर बघायला आले, मग कार्डही बघितलं. "ही आकृती कुणी काढली?" मी म्हणालो, "होता एक ओळखीचा फिटर."

तुझी वहिनी तिथेच भांडी पुसत होती. आधीच पुसलेली भांडी ती पुन्हा पुसू लागली.

— दादा


२० ऑक्टोबर

बंब्या,

इथे थंडीत रस्त्यावरचं डबकं काचेसारखं होतं म्हणतात. प्लंबर येऊन गेला. उत्तरेच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "ही जपा." कशी, ते सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर ते माझं भाषण चालू असताना. तू सांग.

तुझ्या वहिनीकडून कळलं की तुझ्या मुलीचं लग्न झालं. तिला कुणाकडून कळलं ते मी विचारलं नाही. दोघी जावांची पत्रं चालू असतात हा मला न सांगितलेला आणि मला ठाऊक असलेला व्यवहार आहे. मुलीला आशीर्वाद कळव. कळवायचे नसतील तर नको कळवूस.

— दादा


७ नोव्हेंबर

बंब्या,

दुसरं कार्ड मिळालं. तुझं म्हणणं असं : थंड पाण्याची लाइन बाहेरच्या भिंतीतून जाते, गोठेल तर तीच आधी. घर रिकामं असेल तर सगळ्यांत खालचा कॉक उघडून लाइन कोरडी करायची, वरचे नळ उघडे ठेवायचे. पाहुणे असतील तर पाचचा थंड नळ दोऱ्याएवढा चालू ठेवायचा, रात्रंदिवस. वाहतं पाणी सहसा गोठत नाही.

समजलं. कार्ड फळीवर पहिल्याच्या शेजारी लावलं आहे.

— दादा


९ जानेवारी

बंब्या,

पाइप फुटला. कसा ते सांगतो. काही लपवणार नाही. लपवायला माझ्याकडे आता जागा उरलेली नाही.

परवा सकाळी दोन नंबरमध्ये भूगोल शिकवणाऱ्या दोन बाया होत्या, बाकी घर रिकामं. साडेअकराला ऊन चढलं आणि जेवणाच्या खोलीचं छत ठिबकू लागलं. जेवणाची खोली पाचच्या बरोबर खाली आहे. मी बादली आणेपर्यंत छताचा पोपडा टेबलावर आला, मागोमाग पाणी. एक बाई ताटली घेऊन उठली आणि दुसरीला म्हणाली, "उगम सापडला." मला हसू आलं नाही.

मी तडक बाहेर पडलो. प्लंबर बेकरीच्या दारात रांगेत उभा होता. भर बाजारात, पंधरावीस माणसांसमोर मी त्याला धारेवर धरलं. म्हणालो, सांधे जोडता येत नसतील तर माणसाने धंदा बदलावा. म्हणालो, ज्याच्या तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या हातून काम काय निघणार. दुकानांतून माणसं बाहेर आली. कुणीतरी हसलं. मला जुना सूर सापडला, बंब्या. खरं लिहितो : बरं वाटलं. दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तो पिशवी काखेत धरून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "चला. बघू."

घरी येऊन त्याने भिंत फोडली. मग मला जवळ बोलावलं आणि माझं बोट धरून पाइपावर ठेवलं. लांबच्या लांब चीर. त्यानंतर तो जेवढं बोलला तेवढं या गावात त्याला कुणी बोलताना ऐकलं नसेल.

"हा सांधा. हा माझा. धडधाकट आहे. हा सुटला असता तर दोष माझा. पाइप फाटलाय. थांबलेलं पाणी गोठलं की फुगतं. मग ते लोखंडाचंही ऐकत नाही."

तुझी वहिनी दारात उभी होती. तिने विचारलं, "पाचचा नळ चालू होता ना?"

मी म्हणालो, "मी बंद केला. चार दिवसांपूर्वी. पाणी वाया जात होतं."

"भावजींचं कार्ड मी फळीवर लावलंय," ती म्हणाली. "तुमच्या चष्म्याच्या उंचीवर लावलंय."

बंब्या, मी कार्ड वाचलं होतं. विसरलोही नव्हतो. पण त्या खोलीत गेलो आणि रिकाम्या मोरीत पडणारी ती धार बघून मला सहन झालं नाही. थेंब थेंब वाचवा म्हणून मी गावोगाव बोललो आहे. मी जे जन्मभर बोललो ते खरं, आणि तू एका ओळीत लिहिलंस ते कदाचित, असा हिशेब मी केला आणि नळ पिळून बंद केला.

प्लंबर हत्यारं गोळा करत होता. त्याच्या अंगात त्या दिवशी बोलणं आलं होतं. म्हणाला, "तरुणपणी मी खालच्या गिरणीत होतो. एका थंडीत मालकाने टाळं लावलं. आम्ही सांगितलं, दोन माणसं आत सोडा, लाइनींतलं पाणी काढू दे. नाही सोडली. थंडी सरल्यावर उघडली तर सगळे पाइप फाटलेले, बॉयलर फाटलेला. गिरणी पुन्हा चालू झालीच नाही. चारशे माणसं घरी बसली."

मी ओल्या खुर्चीवर बसलो. कोरडी शेजारीच होती, पण मी ओल्या खुर्चीवर बसलो.

आपला कागदाचा कारखानाही असाच जानेवारीत बंद होता. संपाचा चाळिसावा दिवस. पहारेकऱ्यांनी तुला मागच्या भिंतीवरून उतरताना पकडलं आणि सभेत आणलं. तू कमरेपर्यंत भिजला होतास. तू म्हणालास, "दादा, आधी ऐक. पाणी—" आणि मी माइकवरून म्हणालो, "कुणाचं पाणी पितोस ते कळलं!" तीन हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. तुझं वाक्य तिथे तुटलं. बारा वर्षांनी ते एका प्लंबरने पुरं केलं.

मी तुझ्या वहिनीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दीड दिवस आत होते भावजी. एकेक कॉक उघडत. हाताला बर्फाच्या जखमा झाल्या होत्या. धाकटीने मला त्याच महिन्यात लिहिलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगायला घेतलं. दोन्ही वेळा तुम्ही मला एकजुटीचं महत्त्व समजावलंत. मग मी म्हटलं, भिंतीला सांगावं, ती मध्ये बोलत तरी नाही."

मार्चमध्ये आपण जिंकलो आणि चौथ्या दिवशी यंत्रं फिरली. मालकाचे लोकसुद्धा चकित झाले होते. पुढची दहा वर्षं मी प्रत्येक भाषणात सांगितलं की ही एकजुटीची ताकद. ती यंत्रं तुझ्यामुळे फिरली. आणि तुझ्या शेजारी बाकावर बसून कुणी डबा उघडत नव्हतं, तुझ्या पोरीला वर्गात कुणी जवळ करत नव्हतं, उन्हाळ्यात तू घर मोडून निघून गेलास. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला चळवळीची शिस्त म्हटलं.

संप बरोबर होता. ते मी मागे घेत नाही, मरेपर्यंत घेणार नाही. तुला फितूर म्हणालो ते चूक होतं. तू फितूर नव्हतास. तू मला सांगायला आला होतास आणि मी तुला बोलू दिलं नाही.

हे वाक्य पत्रात लिहून भागणार नाही हे मला कळतं. पाप चव्हाट्यावर केलं तर प्रायश्चित्त कोनाड्यात चालत नाही. काल सकाळी साडेअकराला बेकरीच्या दारात, रांगेतल्या माणसांसमोर मी प्लंबरला म्हणालो, "काल मी इथे जे बोललो ते खोटं होतं. नळ मी बंद केला होता. तुमचं काम चोख आहे." तो कावराबावरा झाला. म्हणाला, "बरं, बरं. पाव घ्या." परवाच्यापेक्षा माणसं कमी होती. कबुलीला नेहमीच गर्दी कमी असते, हे मला माहीत असायला हवं होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी जुन्या कामगारांचा मेळावा असतो. दोन वर्षं मी गेलो नव्हतो. या वर्षी जाणार आहे. तू येऊ नकोस. आलास तर मी तुझ्याकडे बघून बोलेन, आणि मला त्यांच्याकडे बघून बोलायचं आहे.

— दादा


१ फेब्रुवारी

बंब्या,

तिसरं कार्ड मिळालं. थंड लाइन बाहेरच्या भिंतीतून काढून आतल्या भिंतीतून न्यायची आकृती. माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. ठीक आहे. मी तक्रार करत नाही. उत्तर मागण्याचा हक्क मी त्या माइकवर खर्च केला.

प्लंबर म्हणतो थंडी सरल्यावर काम धरू. पाच तोवर बंद.

— दादा


६ मार्च

बंब्या,

जाऊन आलो. सत्तरेक माणसं होती. त्यांना आणलं कोणी, तर चहाने आणि जुन्या ओळखीने. कारखान्याच्या समोरच्या गोदामात मांडव होता, फाटक तेच. मला पाच मिनिटं दिली होती. मी दीड मिनिट बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत छोटं भाषण. त्यात एकही टाळीची जागा नव्हती आणि एकही टाळी पडली नाही.

बॉयलर, पाणी, दीड दिवस, हाताच्या जखमा, चौथ्या दिवशी फिरलेली यंत्रं, सगळं क्रमाने सांगितलं. मग म्हणालो, "मी माझ्या भावाला या फाटकासमोर फितूर म्हणालो होतो. तो शब्द मी परत घेतो. तो माझ्याकडे राहू द्या."

खाली बसलो. मला वाटलं होतं आश्चर्य होईल, कुणी रडेल, कुणी मला शिव्या देईल. तसं काही झालं नाही. आपल्या खात्यातला तो उंच मिस्त्री, ज्याला सगळे 'शिडी' म्हणायचे, तो चहा घेऊन जवळ आला. काठी टेकत चालतो आता. म्हणाला, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बॉयलर उघडला त्याच दिवशी कळलं. कॉक सगळे उघडे, लाइनी कोरड्या. दुसऱ्या कुणाला जमलं असतं ते? खात्यातल्या सगळ्यांना कळलं."

"मग कुणी बोललं का नाही?"

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "तू इतकं छान बोलला होतास रे. खोडायला कुणी धजेना."

येताना बसमध्ये सहा तास मी एवढंच वाक्य घेऊन बसलो होतो. लोकांची तोंडं उघडावीत म्हणून मी उभा जन्म बोललो, आणि तीन हजार माणसांची बंद केली. हे कुणाला भाषणात सांगणार नाही. तुला सांगितलं.

— दादा


१४ एप्रिल

बंब्या,

चौथं कार्ड काल आलं. पोस्टमनने ते वाचूनच दिलं, वर म्हणाला, "पाहुणे येताहेत तुमच्याकडे."

आकृती नाही. 'दादा, मेच्या पहिल्या आठवड्यात दोघं येतो. आतली लाइन मी आल्याशिवाय टाकू नका. उतार माझ्या डोळ्यांसमोर घ्यायचा आहे. धरायला एक माणूस लागेल. भाषण नको.'

प्लंबरला सांगितलं. म्हणाला, "येऊ दे. बघू." पण संध्याकाळी नवा पाना घेऊन आला आणि हा चालेल का ते त्यांना विचारा म्हणाला. तुझ्या वहिनीने धाकटीसाठी पाचमध्ये दुसरी खुर्ची नेऊन ठेवली आहे. खोलीत नवा चुना मी मारला, एका कोपऱ्यात जरा कमी पडलाय. गरम पाणी येतं. थंड पाणी तू आल्यावर.

बस दुपारी दोनला चौकात येते. तिथून वीस पावलं चढ आहे, सामान मी घेईन.

भाषण होणार नाही. पाइप धरायला माणूस लागेल म्हणालास, तो मी. कुठे धरायचं ते दाखव, तू सोड म्हणेपर्यंत सोडणार नाही.

— दादा